दुसऱ्या गेटपाशी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, रागव हवं तर. इकडं सगळे बरे, ह्यांची शुगर होती तिथंच आहे.

धाकटीला खानापूरचं स्थळ आलंय. मुलगा शिकलेला, माणसं भली, पत्रिकाही जुळली. रविवारी तो आम्हा दोघींना बाजारातून कुंदा घेऊन घरी सोडत होता. दुसऱ्या रेल्वेगेटला गाडी अडकली. पाऊस मी म्हणत होता. धाकटी म्हणाली, “अहो, ते बघा की, छत्री एक आणि पोरं चार!” तो मोबाईलमध्ये. “हं.” मान वर नाही. मालगाडी आली. “डबे मोजूया?” पुन्हा “हं.” मग ती गप्प झाली आणि काचेवरच्या वाफेत बोटानं रेघा ओढत बसली.

सुमे, मला तिथं तू दिसलीस गं. ‘मी बोलते तेव्हा तो माझ्याकडं बघत नाही,’ असं तू लग्नाआधी म्हणाली होतीस. आणि मी? ‘एवढ्यावरून कोण स्थळ सोडतं काय!’ वर तुला नखरेल म्हणाले, महिनाभर अबोला. पुढची अकरा वर्षं तू त्या घरात भिंतींशी बोलत काढलीस. माफ कर मला.

थोरलीनं परवा वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नवीन लग्न झालेल्यांच्या अशाच बारीकसारीक हाका मोजल्या. सहा वर्षांनी जी जोडपी टिकली होती, ती शंभरातल्या ८६ हाकांना ओ देत होती. मोडलेली, ३३.

ह्यांचंच बघ. ओला टॉवेल पलंगावर टाकतात, त्यावरून मी किती भांडले तुला ठाऊक आहे. पण “अहो, पेरूवर पोपट आलाय” म्हटलं की पेपर टाकून येतात. तोवर पोपट उडालेला असतो, तरी येतात, आणि रिकाम्या फांदीकडं माझ्याबरोबर बघत उभे राहतात. त्या टॉवेलचं मग काही वाटत नाही.

एका रविवारवरून माणूस तोलू नये, कळतं मला. ऑफिसचं काही असेल. पण रात्री झोप नाही. धाकटीला विचारावं तर ती मला तेच ऐकवेल, जे मी तुला ऐकवलं होतं. तुझं ती ऐकते. तू फोन कर तिला. नको म्हणायला सांगू नकोस, फक्त त्या गेटपाशी गप्प का झालीस, एवढं विचार.

नव्या घरात पाणी येतं का? लेकाचा निकाल कळव. कुंदा पाठवते.

तुझीच,
मालू