स्मरण : शिक्षण धोरण गटातील अर्धवेळ इंटर्नशिप

सभासदांनो,

आपल्या शिक्षण धोरण गटातल्या अर्धवेळ इंटर्नशिपचे अर्ज येत्या शनिवारपर्यंतच घेतले जातील. काम आठवड्यातून दोन दिवस, दुपारनंतर. मानधन आणि प्रवासखर्च मिळेल.

यंदाचा विषय : शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १२(१)(ग), म्हणजे खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव २५ टक्के जागा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला; मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. ही राजपत्रे, परिपत्रके आणि निकालपत्र वाचून पालकांना कळतील अशी मराठी टिपणे काढायची आहेत. यू-डायसचे (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याचे) आकडे ताडून पाहणेही आले. ते कंटाळवाणे आहे, आधीच सांगितलेले बरे.

पदवीची अट नाही. सरकारी मराठीला न घाबरणारे हवेत. डीएड-बीएड करणारी मुलेमुली ओळखीत असतील तर त्यांना जरूर कळवा.

बायोडेटा नको. आपल्या भागातल्या एका शाळेबद्दल पानभर लिहून कार्यालयात द्या, हस्ताक्षरात चालेल. मुलाखती पुढच्या आठवड्यात.

– कार्यवाह