सूचना : सोमेश्वरची लॅब्राडॉर आणि दत्तक घर

सर्व सदस्यांना नमस्कार,

मागच्या आठवड्यात सोमेश्वर धबधब्याजवळ सोडून दिलेली पिवळी लॅब्राडॉर मादी सध्या इंदिरानगरला आपल्या एका सदस्याकडे आहे. वय सहा-सात. कोपरांना फरशीचे घट्टे, पोट लोंबलेलं, पट्ट्याखालचे केस गेलेले. पिल्लं काढून घेतली आणि काम संपल्यावर गाडीतून उतरवली, हे कळायला डॉक्टर लागत नाही. भांडं वाजलं की मात्र अख्खी शेपटी कपाटावर आपटते.

गोचीड काढून झालेत, रेबीजची लस दिली आहे. नसबंदीशिवाय ती कुणालाही द्यायची नाही. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्यांना सरळ नकार द्या, पाहुणे असले तरी.

घर मागणाऱ्यांकडे दोघांनी आधी जाऊन यावं. लिफ्ट नसलेला तिसरा मजला नको. या जातीला खुब्याच्या सांध्याचा त्रास होतो. खाण्याबद्दलही स्पष्ट बोला. बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. त्यामुळे भूक जास्त, वजन पटकन वाढतं. केविलवाण्या नजरेला भुलू नका. द्राक्षं आणि बेदाणे तर एकही नको, किडनी निकामी होऊ शकते. नाशकात हे दोनदा सांगावं लागतं, हंगामात घरोघरी पेट्या उघड्या असतात!

जुन्या चादरी हव्या आहेत. रविवारी सायंकाळी पाचला येताना आणाव्यात, धुतलेल्या.