छातीचा पट्टा टाकून देण्यापूर्वी

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझा सविस्तर निरोप वाचला. धावायला सुरुवात करून दोन मिनिटे होतात न होतात तोच घड्याळ 195 ठोके दाखवते, तुला मात्र धाप लागलेली नसते, आणि दहाएक मिनिटांनी तोच आकडा कुणी काही न करता 140 वर येऊन स्थिरावतो, असे तू लिहिले आहेस. एवढ्यावरून हृदयाचे ठोके मोजून घड्याळाला कळवणारा तो छातीचा पट्टा बिघडला असे ठरवून नवा मागवण्याची घाई करू नकोस, कारण सांगितलेली सर्व लक्षणे कोरड्या त्वचेची आहेत.

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्याच्या स्नायूंतून एक सूक्ष्म विद्युतलहर जाते आणि तिचा अगदी क्षीण अंश, जेमतेम एखादा मिलिव्होल्ट, छातीच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला जे दोन गुळगुळीत, किंचित रबरी भाग लागतात ते इलेक्ट्रोड असून, ते ही लहर टिपतात आणि मधला सेन्सर दोन लहरींमधील अंतर मोजून मिनिटाचे ठोके काढतो. म्हणजे तत्त्व ईसीजीचेच. मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालील रक्ताचा चढउतार पाहते, त्यामुळे वेग अचानक वाढवला की ते मागे पडते आणि कधी कधी तर हृदयाऐवजी पावलांचाच ठेका मोजत बसते. फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 साली अंगावर बाळगता येईल असे बिनतारी उपकरण बाजारात आणले, त्यातही छातीवरचा पट्टाच होता, आणि माझ्या मते आजही अचूकतेत त्याला तोड नाही. अट एवढीच, की इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये ओलावा हवा.

कोरड्या त्वचेतून ती लहर नीट पोहोचत नाही, उलट कृत्रिम धाग्याचा सदरा अंगावर फडफडून जी स्थिर वीज तयार होते तिलाच सेन्सर ठोके समजतो. घाम आला की संपर्क जुळतो आणि आकडा ताळ्यावर येतो. तुझी ती दहा मिनिटे म्हणजे घाम यायला लागणारा वेळ. म्हणून पट्टा बांधण्यापूर्वी दोन्ही इलेक्ट्रोड नळाखाली चांगले भिजवत जा. हवा थंड आणि कोरडी असेल तर ईसीजीला वापरतात तसली जेल बोटाच्या टोकाएवढी लावावी. पट्टा स्तनांच्या लगेच खाली, सेन्सर बरोबर मध्यभागी येईल असा असावा. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, पण उड्या मारल्या तरी तो खाली सरकता कामा नये. तुझ्या स्पोर्ट्स ब्राच्या इलॅस्टिकखाली तो आपोआप दाबला जातो, ते सोयीचेच आहे, फक्त इलॅस्टिकची कड इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये दुमडली गेलेली नाही एवढे पाहा.

एवढे करूनही आकडा वेडावाकडा येत असेल, तर दोष कुठे आहे हे घरीच तपासता येते. सेन्सर पट्ट्यापासून काढ, दोन्ही अंगठे ओले कर आणि मागच्या दोन टिचबटणांवर एकेक अंगठा टेकवून स्वस्थ बस. काही क्षणांत घड्याळावर समंजस आकडा उमटला, तर सेन्सर आणि सेल बहुधा ठीक आहेत आणि पट्टाच झिजला आहे असे समजावे. बहुतेक कंपन्यांचा नुसता पट्टा वेगळा मिळतो. त्यासाठी सेन्सरसकट सगळे बदलण्याचे कारण नाही.

पट्टा अकाली झिजतो तो धावण्याने नव्हे, तर धावून आल्यानंतरच्या आळसाने. घामातले मीठ इलेक्ट्रोडमध्ये मुरते आणि टिचबटणांवर हिरवट थर धरते. घरी आल्याबरोबर सेन्सर काढून मऊ फडक्याने कोरडा करावा, पट्टा कोमट पाण्यात खळबळून न पिळता सावलीत टांगावा आणि अधूनमधून सौम्य साबणाने धुवावा. ब्लीच आणि इस्त्री वर्ज्य. कपडे मऊ करणारे द्रव तर मुळीच नको, कारण त्याचा पातळ लेप इलेक्ट्रोडवर बसला की वीज अडते. सेन्सर ओल्या पट्ट्यावर तसाच राहिला, तर त्याला आपण अजून अंगावरच आहोत असे वाटते आणि तो रात्रभर जागा राहून सेल संपवतो. तुझा सेल लवकर संपतो, या तक्रारीचे मूळ मला इथेच दिसते.

सेल बदलताना त्यावरचा सीआर 2032 किंवा सीआर 2025 हा क्रमांक आधी वाचून घे. दोन्ही 3 व्होल्टचेच, पण जाडी वेगळी. झाकणाखालच्या रबरी कड्यावर केस किंवा धागा राहिला, तर पाणी आत शिरते. आणि हे मात्र अगदी निक्षून सांगतो: बाळ सध्या हाती येईल ते तोंडात घालते, तेव्हा जुना सेल क्षणभरही टेबलावर ठेवू नकोस. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही गंभीर जखम करू शकतो. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता बाळाला थेट रुग्णालयात न्यावे.

‘220 वजा वय’ या सूत्राने आलेल्या हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या आकड्याविषयीही तू विचारले आहेस. ती निव्वळ सरासरी आहे; एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज आढळतो, त्यामुळे तिच्यावरून स्वतःला तोलू नकोस. मात्र पट्टा नीट भिजवलेला असताना, विशेष श्रम नसताना आकडा एकाएकी चढला आणि त्याच वेळी छातीत धडधडले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पट्ट्याला दोष न देता धावणे तिथेच थांबव आणि डॉक्टरांना भेट. घड्याळातली ती नोंद पुसू नकोस, त्यांना दाखव.

अंगठ्यांची परीक्षा या आठवड्यात करून कळव. पट्टाच गेला असेल तर छातीचा घेर मोजून लिही, म्हणजे योग्य मापाचा पाठवतो.

तुझे,
बाबा