मनी प्लांट राहू द्या, सायकस हलवा

महोदय,

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिली गदा येते ती मनी प्लांटवर. बाटली थेट फ्रिजच्या डोक्यावर जाते. खरे जीवघेणे झाड मात्र ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी संकुलांत गेटच्या दोन्ही बाजूंना, नेमके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर, कुंडीत उभे असते.

मनी प्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळूची भावंडे. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू कच्चे राहिले की घसा खाजतो तो यांच्याचमुळे. कुत्रा लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो आणि पान बहुधा टाकून देतो. ओल्या फडक्याने तोंड पुसून पाणी आणि चमचाभर साधे दही द्यावे. जीभ सुजून श्वासाला घरघर लागली, तरच धावपळ.

सायकसचे तसे नाही. नर्सरीत तो ‘सेगो पाम’ म्हणून विकला जातो, पण तो पामही नव्हे आणि आपल्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसचे पान, खोड, मूळ सगळेच विषारी, आणि मादी झाडाच्या शेंदरी बिया सर्वांत जास्त. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. त्यातले सायकॅसिन यकृत निकामी करते. काही तासांत उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन दिवसांनी हिरड्या पिवळ्या पडतात, रक्त गोठेनासे होते. म्हणून पहिल्या दिवशीचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट हाती घेऊन थांबू नये; यकृताची तपासणी पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा करून घ्यावी.

दुसरी नजर कण्हेर आणि बिट्टीवर हवी. ही विषे हृदयाचे ठोके बिघडवतात आणि पाने वाळली तरी ती उतरत नाहीत. माळी छाटणी करून फांद्या कोपऱ्यात रचून ठेवतो, कुत्रा काठी समजून त्यातलीच एक उचलतो. देवाला वाहिलेली कण्हेरही निर्माल्याच्या उघड्या टोपलीत ठेवू नये. कुंड्यांत एरंडीची पेंड घालत असाल, तर तीही बंद करा. तिच्यात रायसिन हे विष राहिलेले असू शकते, आणि सोबत हाडांचा चुरा असला की वासाने कुत्रा माती उकरून खातो.

कुत्र्याने यातले काही खाल्ले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्या मिठानेच रक्तातले सोडियम वाढून झटके येतात. उलटी डॉक्टरांनीच काढावी, आणि तिचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच होतो. घोडबंदरच्या वाहतुकीत त्यातला किती वेळ जातो ते वाचकांना सांगायला नको, म्हणून निघतानाच फोन करून कुत्र्याचे वजन, खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे किती खाल्ले ते कळवावे. झाडाची फांदी पिशवीत सोबत घ्यावी. ‘शोचे झाड होते’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत.

सोसायट्यांनी गेटवरचे आणि पोडियमवरचे सायकस कुंपणाआड न्यावेत, निदान बिया धरलेली झाडे तरी आधी हलवावीत. त्या जागी अरेका पाम शोभतो, आणि तो कुत्र्यांना बाधत नाही. नर्सरीवाल्यांनी कुंडीवर किमतीच्या चिठ्ठीशेजारी झाडाचे खरे नाव लिहावे.

– एक पशुवैद्यक, ठाणे (प.)