ल्योंहून आत्याला पत्र : संत क्लोदीन तेव्हनेविषयी

ल्यों,
3 फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पुण्याच्या कॅम्पातल्या ज्या जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये तू निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलेस, ते चालवणाऱ्या धर्मभगिनींच्या संघाची संस्थापिका संत क्लोदीन तेव्हने हिची आज पुण्यतिथी. ती फ्रान्समधल्या याच शहरात जन्मली आणि याच शहरात वारली. शाळेत आजच्या दिवशी तिच्याविषयी चार शब्द सांगितले जात, असे तू म्हणायचीस. इथे आल्यापासून मी तिच्याविषयी जे वाचले आणि ज्या जागा पाहिल्या, त्यावरून मला वाटू लागले आहे की तिच्या आयुष्याचा सर्वांत अवघड भाग त्या चार शब्दांत येतच नाही. म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

क्लोदीनचा जन्म 30 मार्च 1774 चा. वडील रेशमाचे व्यापारी, सात भावंडांत हिचा नंबर दुसरा, आणि घरातले तिचे लाडाचे नाव ग्लादी. नवव्या वर्षापासून ती सें-पिएरच्या मठात शिकली. त्या मठाच्या इमारतीत आता शहराचे कलासंग्रहालय आहे, आणि मधल्या अंगणातल्या बागेत दुपारी लोक डबे घेऊन बसतात. सुखवस्तू, श्रद्धाळू आणि एकमेकांना धरून राहणारे असे ते घर होते. राज्यक्रांती झाली नसती तर तिचे नाव आज आपल्याला कळण्याचे काही कारणच नव्हते.

1793 मध्ये हे शहर पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उभे राहिले. ऑगस्टपासून वेढा पडला, तोफा चालल्या आणि 9 ऑक्टोबरला शहर शरण आले. त्यानंतर पॅरिसहून हुकूम निघाला की ल्योंने स्वातंत्र्याशी युद्ध केले म्हणून ल्यों आता उरले नाही. शहराचे नावसुद्धा पुसण्यात आले आणि श्रीमंतांची घरे पाडायला सुरुवात झाली. त्या हिवाळ्यात इथे दीड हजारांहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला गेला. रोन नदीपलीकडच्या ब्रोतोच्या मैदानावर कैद्यांना रांगेने उभे करून एकदम मारले जाई. शहराच्या बचावासाठी लढलेले क्लोदीनचे दोन भाऊ, लुई आणि फ्रांस्वा, पकडले गेले आणि 5 जानेवारी 1794 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एकोणीस वर्षांची क्लोदीन त्यांच्या मागोमाग गेली होती आणि तिने ते सारे डोळ्यांनी पाहिले. जाताना भाऊ तिला म्हणाले, "ग्लादी, आम्ही क्षमा करतो आहोत, तशी तूही क्षमा कर." त्या दिवसापासून तिची मान किंचित थरथरत राहिली आणि श्वासाचा त्रास जडला, तो जन्मभर गेला नाही.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या वाक्यावरून थेट तिच्या संघाच्या स्थापनेकडे जातात, आणि वाचणाऱ्याला वाटते की तिने क्षमा केली आणि लगेच संस्था काढली. प्रत्यक्षात मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली. शिवाय सूड घेण्याचा मार्ग त्या काळात मुळीच बंद नव्हता. 1795 च्या मे महिन्यात, म्हणजे राजवट उलटल्यावर, याच शहरातल्या जमावाने तुरुंगांत शिरून आदल्या वर्षीच्या छळाला जबाबदार धरलेल्या सुमारे शंभर कैद्यांना ठार मारले. ज्यांची माणसे गेली होती अशा कितीतरी घरांना तो न्याय वाटला असेल. क्लोदीनने मात्र भावांचे शब्द धरून ठेवले, आणि ते धरून ठेवणे एका दिवसाचे काम नव्हते. थरथरणारी मान घेऊन, रोज त्याच रस्त्यांवरून ये-जा करत, ती आपल्या वस्तीतल्या गरिबांच्या घरी जात राहिली. त्या वर्षांत तिच्या नावावर मोठे असे काहीच नाही. मला तर तिचे संतपण प्रथम याच वर्षांत दिसते.

1815 साली आंद्रे क्वांद्र नावाच्या एका तरुण फादरांना सें-निझिए चर्चच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या दोन बेवारस मुली सापडल्या. त्यांनी त्या क्लोदीनकडे आणल्या. ज्या चर्चमध्ये तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला होता, तेच हे चर्च. क्रांती, युद्धे आणि रेशमाच्या धंद्यातले चढउतार यांमुळे अशी मुले शहरात खूप झाली होती. पुढच्या वर्षी तिने काही मैत्रिणींना घेऊन एक मंडळ स्थापले. फादर क्वांद्र यांनी नंतर तिला स्पष्टच सांगितले की एवढ्यावर भागणार नाही, तुम्हांला एकत्र राहून संघच स्थापावा लागेल. ऑक्टोबर 1818 मध्ये क्लोदीन आईचे घर सोडून क्र्वा-रूसच्या टेकडीवर पिएर-प्लांते या जागी राहायला गेली. तेव्हा तिच्यासोबत एक कामगार बाई, एक अनाथ मुलगी आणि एक रेशमाचा माग एवढेच होते. ती पहिली रात्र फार वाईट गेली, असे तिने पुढे स्वतः सांगितले आहे. आपण एका वेड्या, आगाऊ उद्योगात उडी घेतली आहे आणि त्याचे काही होईल असे वाटत नाही, हा विचार तिला रात्रभर छळत राहिला.

त्या मागाविषयी तुला मुद्दाम लिहायचे आहे. क्र्वा-रूसवर कानु म्हणजे रेशीम विणणाऱ्या कामगारांच्या वस्त्या होत्या, आणि तिथे एक जुना माग अजून चालवून दाखवतात. जाकार या संशोधकाच्या पद्धतीचा तो माग चार मीटरपर्यंत उंच असतो, म्हणून त्या घरांची छतेही तेवढी उंच बांधलेली आहेत. वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, प्रत्येक छिद्रागणिक ठरावीक धागे उचलले जातात आणि पायट्यावर पाय पडला की सारी खोली हादरते. कुटुंब झोपायचे ते छताखाली काढलेल्या लाकडी माळ्यावर. आपल्या येवल्याच्या विणकरांच्या घरांत जशी मागाभोवतीच सारी वस्ती असते, तसेच हे. अशा शहरात अनाथ मुलीच्या हाती माग देणे म्हणजे तिला स्वतःच्या पायावर उभे करणे होते. क्लोदीन मुलींना विणकाम, शिवण, वाचन-लेखन, हिशेब आणि घर चालवणे हे सारे शिकवी, आणि धर्मशिक्षण त्याच्याच ओघात येई. देवाची ओळख न होताच जगणे आणि मरणे हे तिच्या दृष्टीने सर्वांत मोठे दुर्दैव होते. पण उपाशी, पोरक्या मुलीला देव चांगला आहे हे नुसते सांगून पटणार नाही, हे ती पक्के ओळखून होती. म्हणून ती आपल्या सिस्टरांना बजावत असे की या मुलींच्या खऱ्या आया व्हा, शरीराच्याही आणि आत्म्याच्याही. कुणाला झुकते माप द्यायचेच असेल तर ते सर्वांत गरीब मुलीला, जिच्यात दोष जास्त आणि गुण कमी आहेत अशा मुलीला द्या. एरवी कुणालाच नाही.

1820 मध्ये ही मंडळी फुर्व्हिएरच्या टेकडीवर, येशूची आई मरिया हिच्या जुन्या चॅपेलसमोरच्या जागेत आली. आज तिथे जी मोठी पांढरी बॅसिलिका उभी आहे, ती तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी बांधली गेली. इथे अनाथ मुलींच्या आश्रमाबरोबर खात्यापित्या घरच्या मुलींसाठी निवासी शाळाही सुरू झाली. दोन्हीकडच्या मुली वेगवेगळ्या वाढल्या. त्या काळाचा समाजच तसा होता हे खरे, तरी ही विभागणी मला खटकते, आणि तिच्याविषयी आदर असला तरी ते लिहायला हवे असे वाटते. भारतातही कॉन्व्हेंट म्हटले की लोकांना आधी इंग्रजी बोलणाऱ्या बड्या घरच्या मुली आठवतात. संस्थापिकेने ज्या मुलीला पहिला मान दिला होता ती मुलगी त्या चित्रात शोधावी लागते.

1823 मध्ये तिने पहिल्या सिस्टरांसह व्रते घेतली आणि ती मदर मेरी सेंट इग्नेशियस झाली. तीनच वर्षांनी फादर क्वांद्र वारले. ज्या तरुण सिस्टरांवर तिची भिस्त होती त्यांतल्या काहीही लवकर गेल्या. वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या मनात हा लहानसा संघ दुसऱ्या मोठ्या संघात विलीन करावा असे होते आणि तिला तो नेटाने वाचवावा लागला. 1831 आणि 1834 मध्ये याच कानु कामगारांनी बंड केले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, असे त्यांचे म्हणणे होते. सैन्याने ती बंडे मोडली, शेकडो माणसे मेली आणि लढाईची झळ फुर्व्हिएरच्या टेकडीपर्यंत पोहोचली. तरुणपणी जे पाहिले होते ते म्हातारपणी खिडकीखाली पुन्हा पाहावे लागले तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

तिचा शेवटही सोपा नव्हता. जानेवारी 1837 मध्ये तिच्यासाठी मरणापूर्वीचा शेवटचा धर्मविधी करताना चॅपेलच्या फादरांनी तिला ऐकवले की तुला सारे राज्य धर्माकडे वळेल एवढी कृपा मिळाली, तिचे तू काय केलेस? तुझ्यामुळेच संघाची प्रगती अडली आहे. आयुष्यभर खपलेल्या बाईला मरणाच्या दारात हे ऐकावे लागले. त्यानंतर तिला पक्षाघात झाला. त्या अवस्थेत तिच्या तोंडून निघालेले आणि सिस्टरांनी जपून ठेवलेले शब्द असे आहेत : "देव किती चांगला आहे!" 3 फेब्रुवारीला, शुक्रवारी दुपारी, ती गेली. सुखात म्हटलेले हेच वाक्य मी कदाचित वाचून पुढे गेले असते. पण ते कोणत्या क्षणानंतर आले हे कळल्यावर ते मनातून जात नाही.

तिच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, 1842 मध्ये, आग्र्याच्या बिशपांच्या बोलावण्यावरून या संघाच्या सिस्टरा भारतात निघाल्या. सुवेझचा कालवा तेव्हा नव्हता, आणि परत येण्याची आशा बहुतेकींनी ठेवली नसावी. संस्थापिकेने ल्योंच्या आसपासचा मुलूख कधी सोडला नाही, आणि तिच्या मुली आधी आग्र्याला, मग मसुरीला, मुंबईत भायखळ्याला आणि 1860 मध्ये पुण्याला पोहोचल्या. तिला संत म्हणून घोषित केले गेले ते 21 मार्च 1993 रोजी. तोवर तिच्या संघाच्या शाळांतून पुण्याच्या कितीतरी पिढ्या शिकून गेल्या होत्या, आणि त्यांत आपल्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्या घरांतल्या मुलीही पुष्कळ होत्या.

आत्या, शाळा सुटल्यावर तू मराठीत कच्च्या मुलींना थांबवून घ्यायचीस आणि त्यासाठी तुझी बस चुकायची, हे बाबा अजून सांगतात. हे तू तुझ्या स्वभावानुसार करत होतीस की शाळेतल्या जुन्या सिस्टरांनी नव्या शिक्षिकांना तसे काही सांगितले होते? क्लोदीनचे नाव घेऊन सांगितले होते की नुसत्या वागण्यातून ते तुझ्यापर्यंत आले? मला हे खरोखर जाणून घ्यायचे आहे, कारण इथल्या पुस्तकांत संघाच्या शाखांची नावे आणि सनावळी मिळते, पण वर्गात बसलेल्या मुलीला काय मिळाले ते त्यांत कुठेच नाही. हात दुखत असेल तर कुणाला तरी सांगून लिहून घे, पण सविस्तर लिही.

आईबाबांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझी भाची