काकूंना घेऊन ग्वानाह्वातोला जाताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकूंना घेऊन मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो गावाला निघालायस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यांचे गुडघे लक्षात घेऊनच सगळं ठरव.

मेक्सिको सिटीत मेट्रोच्या पाच नंबर लाइनवर आउतोबुसेस देल नोर्ते स्टेशन आहे, समोरच उत्तरेकडचा बसतळ. ग्वानाह्वातोला साधारण पाच तास लागतात. ईटीएन या कंपनीच्या बसला एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकच सीट असते, पाय नीट पसरता येतात. काकूंसाठी तीच घे. विमानानं आलास तर विमानतळ सिलाओजवळ आहे, तिथून टॅक्सी.

ग्वानाह्वातोचा बसतळ गावाबाहेर आहे. तिथून ‘सेंत्रो’ (म्हणजे गावाचा मध्यभाग) पाटीची सिटी बस मिळते, पण सामान आणि काकू बरोबर असताना टॅक्सीच बरी. मीटर नसतो. बसण्याआधी विचार, “क्वांतो आल सेंत्रो?” म्हणजे सेंत्रोपर्यंत किती घेणार. सुटे पेसो जवळ ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुक्काम. बुकिंग करताना ‘मुख्य चौकापासून दोनशे मीटर’ असं दिसलं तर भुलू नकोस. गाव अरुंद घळीत वसलंय आणि घरं दोन्ही अंगांनी डोंगर चढत गेलीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या बोळांना कायेहोन म्हणतात; कित्येक बोळ म्हणजे नुसत्या पायऱ्याच. दोनशे मीटर आडवे की उभे, हे नकाशा सांगत नाही. मालकाला दोनच गोष्टी विचार: टॅक्सी कुठपर्यंत येते, आणि तिथून पायऱ्या किती? हार्दीन दे ला उनिओन या बागेच्या आसपास, तळाला, खोली मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. ऑक्टोबरात सेर्वांतिनो हा मोठा कला महोत्सव असतो, तेव्हा कित्येक महिने आधी बुकिंग हवं.

भाड्याची गाडी मात्र नकोच. गावाखालून पूर्वी नदी वाहायची आणि पुरानं गाव बुडवायची. १९०५चा पूर तर फारच मोठा. पुढे नदी दुसरीकडे वळवली आणि विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात तिच्या जुन्या पात्रातूनच रस्ता काढला. वर दगडी कमानी, कमानींवर घरं, खाली गाड्या! बोगद्यांना आत फाटे फुटतात, त्यातले बरेच एकेरी, आणि नेमका तिथेच जीपीएस सुटतो. एक वळण चुकलं की डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. बसचे थांबेही त्या बोगद्यात आहेत, उतरलं की जिना चढून वर यायचं. नकाशावर थांब्यावर उभा दिसलास आणि बस दिसेना, तर जिना शोध. थांबा पायाखाली असेल.

पीपिला हा मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातला वीर; टेकडीवरच्या त्याच्या पुतळ्यापाशी काकूंना नक्की ने. तिथून अख्खं गाव दिसतं, पिवळी बासिलिका, पांढरं विद्यापीठ, मधली रंगीत घरं. तेआत्रो ह्वारेस या नाट्यगृहाच्या मागे फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी चढाची गाडी, आहे. काकूंचं जाऊन-येऊन तिकीट काढ, कारण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो. तुला हवं तर तू बोळातून पायी उतर. पायऱ्यांचे दगड घासून गुळगुळीत झालेत, पावसाची सर येऊन गेली की पाय सरकतो. रबरी तळाचेच बूट घाल. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस धर, म्हणजे पीपिला सकाळीच.

गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही सहाशे मीटरनं जास्त. पहिल्या दिवशी धाप लागेल. तो दिवस बाग आणि मेर्कादो इदाल्गो ही मंडई एवढ्यावरच ठेव, तेवढा रस्ता बराचसा सपाट आहे. चाकांची बॅग फरसबंदीवर अडते, पाठीवरची सॅक घे.

काकूंना नमस्कार सांग. खोली ठरवण्याआधी पत्ता कळव, चढ बघून सांगतो.

तुझाच