बायकांच्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये हार्मोन नसतात हो

मा. संपादक,
स.न.

आरोग्य पुरवणीत व्हिटॅमिनवर नेहमी काही ना काही येतं, पण आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पुरुष मंडळी जो प्रश्न हळू आवाजात विचारतात तो कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र. घरात बायकोची नाहीतर बहिणीची मल्टीव्हिटॅमिनची बाटली असते, तिच्यावर 'फॉर विमेन' लिहिलेलं, मग ती पुरुषानं घेतली तर हार्मोनवर काही होतं का? कुणाला भीती की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, उतरेल, कुणाला उलट आशा की केस दाट होतील, चेहरा नितळ होईल. दोघांनाही उत्तर एकच, असलं काही होत नाही, कारण त्या गोळीत इस्ट्रोजेन प्रोजेस्टेरॉन ही बायकांची हार्मोन नसतातच मुळी. हार्मोन असतात ते गर्भनिरोधक गोळ्यांत आणि पाळी गेल्यानंतरच्या काही औषधांत, ती औषधं वेगळी आणि ही बाटली वेगळी.

मग फरक कसला? बॉक्सचा गुलाबी रंग सोडला तर मुख्य फरक लोहाचा. पाळीत दर महिन्याला रक्त जातं म्हणून बायकांना लोह जास्त लागतं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९. बाकी थोडं जास्त फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि केसांसाठी म्हणून घातलेलं बायोटिन हे व्हिटॅमिन. काही ब्रँड सोयाचा अर्क घालतात आणि त्यावरून 'पुरुषाचा बाईपणा वाढतो' अशा व्हॉट्सॲप पोस्ट फिरतात, पण पुरुषांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सोयामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं नाही.

आता कुणी म्हणेल की झिंकमुळे पुरुषाचं हार्मोन वाढतं, ते तरी खरं ना? अर्धं खरं आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद १९६० च्या आसपास इराणमध्ये शिराझला होते, तिथे त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक पोरगा आला तो दिसायला दहा वर्षांचा, उंची खुंटलेली, वयात आल्याची एक खूण नाही, खाणं म्हणजे नुसती रोटी आणि वर माती खायची सवय. पुढे इजिप्तमधल्या अशाच पोरांवर काम करून त्यांनी दाखवलं की ही झिंकची कमतरता आहे, आणि झिंक दिल्यावर पोरं वाढली, वयातही आली. म्हणजे कमतरता असेल तर फायदा नक्की. पण ज्याचं झिंक आधीच ठीक आहे त्यानं वर आणखी घेतलं म्हणून टेस्टोस्टेरॉन चढत नाही, गाडीची टाकी फुल असताना वरून पेट्रोल ओतल्यासारखंच ते.

लोहाचं मात्र जरा नीट बघायला हवं. बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या उरतात, एकेका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, आणि 'वाया कशाला घालवायच्या' म्हणून त्या घरातला बाप्या खातो. आपल्या शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही, बायकांचं निदान पाळीतून जातं. पाच-दहा गोळ्यांनी कुणाचं वाईट होत नाही, पोट गच्च होईल आणि संडास काळी होईल एवढंच, पण ज्यांच्या अंगात लोह साठायचा आजार असतो त्यांच्यात ते लिव्हरमध्ये साठतं, हार्मोनवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतही साठतं आणि मग टेस्टोस्टेरॉन खरंच उतरतं. त्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाळी नसलेल्या पुरुषाचं लोह कमी झालं तर रक्त कुठून तरी जातंय असं आधी धरायचं असतं, मूळव्याध असेल, अल्सर असेल, आतड्याचा कॅन्सरही असू शकतो, आणि हा गडी बायकोच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वर आणतो आणि डॉक्टरकडे जायचं लांबवतो. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर तिथेही हिमोग्लोबिन कमीच दिसतं, पण लोह घेऊन ते सुधारत नाही.

आणि बायोटिन. शरीराला रोज ३०-४० मायक्रोग्रॅम पुरतं, केसांच्या गोळ्यांत ते १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत असतं. पुरुषाला टक्कल पडतं ते टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनमुळे, बायोटिनचा त्याच्याशी संबंध नाही, तरी लोक घेतात. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही) लॅबच्या बऱ्याच मशीन टेस्टमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते भरपूर असलं की रिपोर्ट चुकतो. अशा मशीनवर टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) खोटं कमी येतं, टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्राडिओल (एक इस्ट्रोजेन) खोटं जास्त येऊ शकतं. म्हणजे गोळ्या सुरू केल्या आणि 'रिपोर्टमध्ये हार्मोन वाढलं' म्हणून खूश झालेला माणूस मशीनची चूक बघून खूश झालेला असू शकतो! अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं, २०१७ मध्ये याची सूचना काढली होती, तिच्यात हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्ट खोटी कमी येऊन एक पेशंट दगावल्याचा उल्लेख आहे. थायरॉइडच्या टेस्टआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं असं सांगतात, पण रक्त घेताना 'केसांची गोळी घेता का' असं विचारताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही.

काही तरुण पोरं अगदी मनापासून विचारतात, त्यांना शरीरात खरंच बाईसारखा बदल हवा असतो, त्यांची चेष्टा करू नये. पण त्यांनीही व्हिटॅमिनच्या बाटलीवर पैसे घालू नयेत, त्यासाठी एंडोक्राइनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर असतात, तिथे नीट तपासण्या करून हार्मोनची ट्रीटमेंट मिळते. आणि कुणाला नुसता थकवाच असेल तर आधी बी१२ बघा, पुण्यात मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिकांच्या टीमनं पुरुषांची रक्तं तपासली तेव्हा दोन तृतीयांशांच्या आसपास लोकांत ते कमी निघालं होतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर ही कमतरता झाकली जाते, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

तेव्हा एक विनंती, पुढच्या एखाद्या पुरवणीत पॅथॉलॉजिस्टकडून बायोटिन आणि लॅब रिपोर्ट यावर लिहून घ्या. कात्रण आमच्या काउंटरवर लावतो.

कळावे,
एक मेडिकलवाला, मिरज